ब्रोमीनच्या अणूत ४५ न्यूट्रॉन कुठून आले?

शेवंती
प्रश्न शाळकरी आहे, पण डोक्यातून जाता जात नाहीये.

भाचीच्या विज्ञानाच्या वहीतलं उदाहरण असं: ब्रोमीनचा अणुअंक ३५, अणुवस्तुमान ७९.९०, म्हणजे ८० धरा, म्हणून न्यूट्रॉन ८० वजा ३५ बरोबर ४५. शेजारी लाल शाईने बरोबरची खूण.

मी समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले अणू) तक्ता उघडून बघितला, तर निसर्गात ब्रोमीनची दोनच समस्थानिकं आहेत, ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१. पहिल्यात ४४ न्यूट्रॉन, दुसऱ्यात ४६. म्हणजे ४५ न्यूट्रॉनवाला ब्रोमीन औषधालासुद्धा सापडत नाही आणि वहीत मात्र तोच बरोबर!

तर शंका दोन. अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात करायचं आणि त्यातून अणुअंक वजा करायचा, ही रीत कुठे चालते आणि कुठे दगा देते? आणि दगा देण्यामागे काही नियम आहे, की ज्या त्या मूलद्रव्याची मर्जी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अज्ञांनी टाकला तरी चालेल.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो.

टवाळ_पोपट
अज्ञांतर्फे हजर. आमच्या घरात एक जण २० वर्षांचा, एक ६० चा. सरासरी ४०. चाळिशीचं माणूस शोधत आलात तर मिळणार नाही. चाळिशी मात्र मिळेल, साठीवाल्याच्या नाकावर.

निवृत्त_मास्तर
पोपटराव, थट्टेत का होईना, मुद्दा नेमका पकडलात.

इथे तीन आकडे एकमेकांत मिसळले आहेत. अणुअंक म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन. तो मूलद्रव्याची ओळख ठरवतो: ३५ असेपर्यंत ब्रोमीन, ३६ झाले की क्रिप्टॉन. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण कण, आणि तो एकेका अणूचा असतो. ‘ब्रोमीनचा अणुवस्तुमानांक किती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे, कोणत्या ब्रोमीनचा ते आधी सांगा. तिसरा आकडा आवर्तसारणीच्या चौकटीत छापलेला, दशांश चिन्हवाला. ती निसर्गातल्या मिश्रणाची भारित सरासरी. ब्रोमीन-७९ चं प्रमाण ५०.६९ टक्के आणि ब्रोमीन-८१ चं ४९.३१. जवळजवळ निम्मेनिम, म्हणून सरासरी नेमकी मधल्या रिकाम्या जागेत जाऊन पडली.

तरीही त्या शिक्षकांना मी फार धारेवर धरणार नाही. सोडियम २२.९९, ॲल्युमिनियम २६.९८, फॉस्फरस ३०.९७. इथे ही रीत तंतोतंत चालते, कारण या तिघांचं निसर्गात एकेकच समस्थानिक आहे. पोरांना वजाबाकीमागचा अर्थ कळावा एवढाच हेतू असतो.

खवचट_खार
हेतू चांगलाच हो मास्तर, पण अख्खी आवर्तसारणी पडलेली असताना उदाहरणाला ब्रोमीनच सापडावा? रस्त्यात एकच खड्डा आणि गाडी नेमकी त्यात.

रिकामटेकडा
एकच कुठला, क्लोरीन आहे की. ३५.४५. त्याचं काय करायचं?

निवृत्त_मास्तर
क्लोरीनचं नशीब बरं. क्लोरीन-३५ सुमारे ७५.८ टक्के, क्लोरीन-३७ सुमारे २४.२. ३५.४५ चे ३५ केले तर निदान अस्तित्वात असलेला, शिवाय बहुसंख्य अणू हाती लागतो. पण मुलांनी क्लोरीनच्या अणूत १८.४५ न्यूट्रॉन लिहिलेले मी स्वतः तपासलेत. त्यातल्या एकाने खाली टीपही दिली होती: ‘उरलेला अर्धा न्यूट्रॉन बंधात जातो.’

खवचट_खार
त्या मुलाला कल्पनाशक्तीचे गुण दिलेत की नाही?

निवृत्त_मास्तर
अर्धा दिला.

पिपेट
धागा आवडला. आमच्या प्रयोगशाळेत ब्रोमीन रोज भेटतो, म्हणून लिहिते.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुना घातला की रेणूंवर विद्युतभार चढतो आणि वस्तुमानाप्रमाणे ते वेगळे होतात. कागदावर एकेका वस्तुमानापाशी एकेक शिखर उमटतं. नमुन्यात ब्रोमीनचा एक अणू असेल तर रेणूची दोन शिखरं दिसतात, दोन एककांच्या अंतरावर आणि जवळजवळ सारख्या उंचीची. मिथाइल ब्रोमाइड घ्या: ९४ आणि ९६. मधल्या ९५ ला अगदी किरकोळ खुंट असतो, तोही कार्बन-१३ मुळे किंवा ९६ वाल्या रेणूतला एक हायड्रोजन गळल्यामुळे. क्लोरीनचा अणू असेल तर अंतर तेवढंच, पण पहिलं शिखर दुसऱ्याच्या तिप्पट उंच. नवीन मुलांना आम्ही आधी हेच शिकवतो. बाकी आलेख कितीही गिचमिड असो, जुळी शिखरं दिसली की ब्रोमीन.

शेवंतीताई, तुमच्या ४५ न्यूट्रॉनांची साक्ष काढायची तर या यंत्रासारखा साक्षीदार नाही. ते सरासरी सांगतच नाही, एकेका अणूचा हिशेब देतं.

गोंधळी
थांबा थांबा. नुसत्या ब्रोमीन वायूचा आलेख शोधून पाहिला. त्यात १५८, १६० आणि १६२ अशी तीन शिखरं आहेत आणि सगळ्यात उंच १६० चं आहे. रेणूत दोन अणू. १६० भागिले २, म्हणजे ८०! आणि तेच सर्वात जास्त! आता बोला.

टवाळ_पोपट
गोंधळींनी यंत्रालाच फितवलं.

पिपेट
गोंधळी, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच :)

१६० म्हणजे ७९ अधिक ८१. जोडी लागण्याचे चार प्रकार आहेत: ७९-७९, ७९-८१, ८१-७९, ८१-८१. मधले दोन्ही १६० भरतात, म्हणून उंची १:२:१. एखादा ८० चा अणू खरंच असता तर तो ७९ शी जोडी जमवून १५९ ला आणि ८१ शी जमवून १६१ ला शिखर उमटवता. तिथे काही नाही.

आणि पुढचा प्रश्न यायच्या आधीच सांगते. त्याच आलेखात कधीकधी खरोखर ८० ला बारीक शिखर दिसतं. नमुन्यात थोडा ओलावा असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड तयार होतं. १ अधिक ७९.

हिशेबनीस
शेवंतीताईंच्या दुसऱ्या शंकेसाठी आवर्तसारणी घेऊन बसलो. पूर्णांकात केल्यावर जो आकडा येतो त्या आकड्याचं समस्थानिक निसर्गात नाहीच, अशी मूलद्रव्यं शोधली. हाती लागली ती अशी:

तांबे ६३.५५, खरे अणू ६३ आणि ६५ चे. गॅलियम ६९.७२, खरे ६९ आणि ७१. ब्रोमीन झालाच. चांदी १०७.८७, खरे १०७ आणि १०९. अँटिमनी १२१.७६, खरे १२१ आणि १२३. युरोपियम १५१.९६, खरे १५१ आणि १५३. ऱ्हेनियम १८६.२१, खरे १८५ आणि १८७. इरिडियम १९२.२२, खरे १९१ आणि १९३. थॅलियम २०४.३८, खरे २०३ आणि २०५.

आता यांचे अणुअंक बघा: २९, ३१, ३५, ४७, ५१, ६३, ७५, ७७, ८१. झाडून सगळे विषम! प्रत्येकाची दोनच समस्थानिकं, दोघांचेही वस्तुमानांक विषम, आणि मधला सम आकडा गायब. हा योगायोग नसणार.

शेवंती
हे भारी आहे! म्हणजे मर्जी नाही, नियम आहे. पण का?

खवचट_खार
आधी अपवाद. जस्त, अणुअंक ३०, अणुवस्तुमान ६५.३८. पूर्णांकात ६५. निसर्गात जस्त-६५ नाही. निकेल २८, ५८.६९, म्हणजे ५९, तोही नाही. सेलेनियम ३४, ७८.९७, म्हणजे ७९, तोही नाही. तिघांचे अणुअंक सम. हिशेबनीस, वही पुन्हा तपासा.

हिशेबनीस
तपासली, तिघांची नोंद वेगळ्या पानावर आहे, कारण तिथली भानगड वेगळी. जस्ताची पाच समस्थानिकं: ६४, ६६, ६७, ६८, ७०. निकेलचीही पाच, सेलेनियमची सहा. इतक्या गर्दीत सरासरी एखाद्या रिकाम्या जागी पडणं हा नुसता प्रमाणांचा खेळ. विषमवाल्यांच्या बाबतीत रिकामी जागा दर वेळी एकाच साच्यातली आहे. मला त्या साच्याचं कारण हवंय.

अणुरेणू
कारण सांगतो, जरा लांबेल.

केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनांशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनांशी जोड्या करून राहतात. जोडी जमली की केंद्रकाची ऊर्जा कमी होते, म्हणजेच ते जास्त घट्ट बसतं. दोन्ही संख्या सम असतील तर कुणी एकटं उरत नाही. एक सम, एक विषम असेल तर एक कण एकटा. दोन्ही विषम असल्या तर एक प्रोटॉन एकटा आणि एक न्यूट्रॉनही एकटा, आणि हे केंद्रकाला फार महाग पडतं. मग बीटा ऱ्हासाने एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो किंवा उलट, आणि एका झटक्यात दोन्ही संख्या सम होतात.

आता ब्रोमीन-८० बघा. ३५ प्रोटॉन, ४५ न्यूट्रॉन. दोन्ही विषम. गंमत अशी की त्याला दोन्ही बाजूंना पळवाट आहे: एक न्यूट्रॉन प्रोटॉन झाला तर क्रिप्टॉन-८०, एक प्रोटॉन न्यूट्रॉन झाला तर सेलेनियम-८०. दोन्ही सम-सम. ब्रोमीन-८० दोन्ही वाटांनी जातो, बहुतांश क्रिप्टॉनकडे.

हिशेबनीसांच्या यादीतल्या प्रत्येक गायब आकड्याची हीच कथा. तांबे-६४ मध्ये २९ आणि ३५, चांदी-१०८ मध्ये ४७ आणि ६१, इरिडियम-१९२ मध्ये ७७ आणि ११५. विषम-विषम असूनही अगदी स्थिर अशी समस्थानिकं चारच, आणि चारही हलकी: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. नायट्रोजन-१४ तर हवेत भरून राहिलाय. पुढे मग पोटॅशियम-४०, व्हॅनेडियम-५० अशी काही आहेत, पण ती किरणोत्सारी; ऱ्हासाला अवाढव्य वेळ लागतो म्हणून अजून शिल्लक आहेत एवढंच. टँटॅलम-१८० मीटर म्हणून एक विक्षिप्त प्रकरण आहे, ते इथे काढत नाही.

रिकामटेकडा
टँटॅलम-१८० मीटर? शर्यत आहे का?

अणुरेणू
पळा इथून. तो ‘एम’ आहे, केंद्रकाच्या उत्तेजित अवस्थेची खूण. फोनने आपोआप मीटर केलं.

शेवंती
म्हणजे ४५ न्यूट्रॉनांचा ब्रोमीन ‘असतो’, फक्त टिकत नाही?

अणुरेणू
हो. ब्रोमीन-७९ वर न्यूट्रॉनांचा मारा केला की एक न्यूट्रॉन गिळून तो ब्रोमीन-८० होतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, साधारण १८ मिनिटं.

आणि निघालाच आहे विषय तर: १९३५ साली कुर्चाटोव्ह आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा एकाच ब्रोमीन-८० ची दोन अर्धायुष्यं दिसली. एक वरचं १८ मिनिटांचं, दुसरं साडेचार तासांच्या आसपासचं. अणुअंक तोच, वस्तुमानांक तोच, तरी वागणूक दोन तऱ्हांची. लांब टिकणारा म्हणजे उत्तेजित अवस्थेत अडकून पडलेला. मी वर जो ‘एम’ म्हणालो तो हाच. तेव्हा प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजले की केंद्रकाची सगळी कुंडली कळली असं समजू नये.

खवचट_खार
घ्या! म्हणजे भाचीच्या वहीतला ब्रोमीन हा चुकीचा नसून अणुभट्टीतून ताजा ताजा काढलेला आहे. पेपर १८ मिनिटांत तपासा म्हणावं.

गोगलगाय
मला एक भाबडी शंका. आम्हाला शाळेत शिकवलेलं की अणुअंकाची दुप्पट केली की वस्तुमान येतं. कार्बन ६ आणि १२, ऑक्सिजन ८ आणि १६, सल्फर १६ आणि ३२. तो नियम कुठे गेला?

निवृत्त_मास्तर
कॅल्शियमपर्यंत आला आणि दमला. कॅल्शियम-४० मध्ये २० आणि २०. प्रोटॉन-न्यूट्रॉन समसमान असलेलं ते सर्वात जड स्थिर केंद्रक. पुढे प्रोटॉन वाढतात तसं त्यांचं एकमेकांना ढकलणंही वाढतं. हे विद्युत प्रतिकर्षण केंद्रकभर पोचतं, पण बांधून ठेवणारं बल शेजारच्या कणांपुरतंच असतं. मग न ढकलणारा आणि तरीही बांधणारा कण जास्त लागतो, तो न्यूट्रॉन. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन. युरेनियम-२३८ मध्ये ९२ ला १४६. दुप्पट केली असती तर युरेनियम १८४ वरच थांबला असता.

गोगलगाय
धन्यवाद मास्तर. दुप्पट करून मी बरेच गुण मिळवले होते, ते परत मागू नका.

जुनी_पाने
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. अणुअंक हा प्रोटॉनांचा आकडा आहे हे बऱ्याच उशिरा कळलं. मेंडेलीव्हने १८६९ ची सारणी मांडली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. अणुअंक म्हणजे नुसता रांगेतला नंबर.

पण काही जोड्या क्रमात बसत नव्हत्या. टेल्युरियम १२७.६०, आयोडीन १२६.९०. वजनाने लावले तर आयोडीन आधी येतो, गुणधर्मांनी बघाल तर तो क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातला, म्हणजे नंतर हवा. मेंडेलीव्हने गुणधर्मांचं ऐकलं आणि टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलंय असं ठरवून टाकलं. वजन बरोबर होतं. पुढे आरगॉन सापडला तेव्हा तीच अडचण: आरगॉन ३९.९५, पोटॅशियम ३९.१०. कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९ चंही तसंच.

१९१३ मध्ये मोसलीने निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. वारंवारतेचं वर्गमूळ एकेका घरागणिक सारख्या पायरीने वाढत होतं. वजनं कशीही असोत, कोबाल्ट २७ आणि निकेल २८. रांगेतल्या नंबराला भौतिक अर्थ मिळाला: केंद्रकावरचा धनभार. त्याच वर्षी सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली. न्यूट्रॉन मात्र चॅडविकला १९३२ मध्ये सापडला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं लोक समस्थानिकांवर काम करत होते आणि ती वेगळी कशामुळे होतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं!

मोसली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७.

पिपेट
२७. हे माहीत नव्हतं.

रिकामटेकडा
पण आरगॉन पोटॅशियमपेक्षा जड का, ते राहिलंच. एक प्रोटॉन कमी असून?

अणुरेणू
कारण आपल्या हवेतला आरगॉन बहुतांश पोटॅशियमचाच वंशज आहे. वर पोटॅशियम-४० चा उल्लेख केला, तोच तो विषम-विषम: १९ आणि २१. अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यालाही ब्रोमीन-८० सारख्याच दोन वाटा. शंभरातले सुमारे ८९ कॅल्शियम-४० होतात, उरलेले ११ च्या आसपास आरगॉन-४०. खडकांतल्या पोटॅशियममधून अब्जावधी वर्षं हा आरगॉन झिरपत हवेत आला. म्हणून पृथ्वीवरचा ९९.६ टक्के आरगॉन ४० चा. सूर्यातल्या आरगॉनमध्ये मात्र ३६ चं राज्य आहे. सूर्याच्या मापाने सारणी छापली असती तर आरगॉन पोटॅशियमपेक्षा हलका निघाला असता आणि ही जोडी कुणाच्या डोळ्यांवर आलीच नसती.

आरगॉन-४०, पोटॅशियम-४०, कॅल्शियम-४०. अणुअंक १८, १९, २०, वस्तुमानांक एकच. यांना समभारिकं म्हणतात. समस्थानिकांत मूलद्रव्य एक आणि वजनं निराळी, समभारिकांत वजन एक आणि मूलद्रव्यं निराळी.

हिशेबनीस
यावरून आठवलं. ४३ नंबरच्या टेक्नेशियमचं एकही स्थिर समस्थानिक नाही, ६१ च्या प्रोमेथियमचंही नाही. आजूबाजूची घरं भरलेली आणि मध्येच हे दोन खड्डे. हेही समभारिकांमुळेच का?

अणुरेणू
बरंचसं. नियम असा आहे की वस्तुमानांक तोच आणि अणुअंकात एकाचाच फरक अशी दोन शेजारी केंद्रकं दोन्ही स्थिर असू शकत नाहीत, एक दुसऱ्यात बदलतंच. टेक्नेशियमच्या अलीकडे मॉलिब्डेनम, ४२: ९२, ९४, ९५, ९६, ९७, ९८, १००. पलीकडे रुथेनियम, ४४: ९६, ९८, ९९, १००, १०१, १०२, १०४. टेक्नेशियमला जे आकडे सोयीचे पडले असते ते सगळे या दोघांनी आधीच बळकावलेत. ९७ मॉलिब्डेनमने, ९९ रुथेनियमने, आणि ९८ तर दोघांनीही. म्हणून तो हाताने बनवावा लागला, १९३७ मध्ये, सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून.

विषम अणुअंकाच्या वाट्याला हेच येतं. त्यांना दोनपेक्षा जास्त स्थिर समस्थानिकं कधीच नसतात. सम अणुअंकवाल्यांकडे बघा, कथील ५० नंबरचं, त्याची दहा!

टवाळ_पोपट
दहा? कथलाने अगदीच भाव खाल्ला.

गोंधळी
मला अजून एक खटकतंय. ब्रोमीन-७९ चं वस्तुमान तक्त्यात ७८.९१८ दिलंय. हा तर एकच अणू, सरासरी नाही. मग ७९ का नाही? न्यूट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही १ पेक्षा किंचित जास्तच भरतात ना?

पिपेट
बरोबर नजर गेली. प्रोटॉन १.००७३, न्यूट्रॉन १.००८७. सुटे सुटे तोलले तर ७९ कणांचं वजन ७९ च्या वर जायला हवं. पण ते एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान घटतं. मोजपट्टीच मुळी कार्बन-१२ च्या अणूला नेमके १२ मानून आखली आहे, आणि त्या अणूत ही घट आधीच धरलेली आहे. म्हणून कार्बन-१२ सोडला तर कुठल्याच अणूचं वस्तुमान पूर्णांकात नसतं. वस्तुमानांक हा कण मोजून आलेला आकडा, तो पूर्णांकच असणार. वस्तुमान हे तोललेलं. ब्रोमीन कार्बनपेक्षा घट्ट बांधलेला, म्हणून ७९ च्या जरा खाली.

खवचट_खार
म्हणजे ७९ हा मोजलेला, ७८.९१८ हा तोललेला, ७९.९० हा सरासरीतला आणि ८० हा शाळेतला. एका ब्रोमीनचे चार आकडे. आणि पोरांनी म्हणे गोंधळू नये!

जुनी_पाने
सरासरीवालाही अढळ नाही बरं. १९१४ मध्ये रिचर्ड्सने निरनिराळ्या खनिजांतलं शिसं तोललं, तर युरेनियमच्या खनिजातलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं भरलं. दोन्हीही अस्सल शिसं, ८२ प्रोटॉनवालं. युरेनियम-२३८ च्या ऱ्हासमालिकेचा शेवट शिसे-२०६ वर होतो, थोरियम-२३२ च्या मालिकेचा शिसे-२०८ वर. कुठल्या दगडातून काढलं त्यावर वजन ठरतं. हल्ली तर हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा काही मूलद्रव्यांची प्रमाणित अणुवस्तुमानं एका आकड्याऐवजी ‘इथपासून इथपर्यंत’ अशा पल्ल्यात देतात. ब्रोमीनसुद्धा त्या यादीत आहे.

निवृत्त_मास्तर
चर्चा फार छान रंगली, पण मूळ धाग्यावर येतो. खारुताई मला मघापासून टोचतायत म्हणून सांगतो: माझं मत कायम आहे, नववीत पूर्णांक करून वजाबाकी शिकवावी. फक्त प्रश्नात अणुवस्तुमान न देता अणुवस्तुमानांक द्यावा. ‘ब्रोमीन-८१ मध्ये न्यूट्रॉन किती?’ विचारा, ४६ येतील, कुणाचं काही बिघडत नाही.

खवचट_खार
मग पूर्णांक करण्याची गरजच कुठे उरली? मास्तर, तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, कबूल तेवढं करत नाही.

निवृत्त_मास्तर
काही प्रश्न मुद्दाम ऐच्छिक ठेवलेले बरे.

शेवंती
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाचीला विषम-विषमचा भाग वाचून दाखवला. तिने आधी वहीतली बाकीची उदाहरणं त्या कसोटीवर घासली आणि तांबं पकडलं: ६४ वजा २९, ३५ न्यूट्रॉन, दोन्ही विषम, म्हणजे हाही अणू निसर्गात नाही. आता तिला पिपेट यांच्या जुळ्या शिखरांचं वेड लागलंय. पिपेट, तिच्यासाठी एखादं कोडं देता का?

पिपेट
देते की. ब्रोमीन आणि क्लोरीनचा एकेक अणू जोडून झालेला रेणू, ब्रोमीन मोनोक्लोराइड. शिखरं कुठे कुठे येतील आणि त्यांच्या उंचीचं गुणोत्तर काय? ब्रोमीनचं प्रमाण १:१ आणि क्लोरीनचं ३:१ धरलं तरी चालेल. हिशेबनीसांनी चोवीस तास गप्प बसावं.

हिशेबनीस
:(

टवाळ_पोपट
मी करतो. ११४ आणि ११८?

पिपेट
मधलं विसरलात. ११६ ला दोन वाटांनी पोचता येतं.

शेवंती
भाचीचं उत्तर: ११४ म्हणजे ७९ अधिक ३५. ११६ म्हणजे ७९ अधिक ३७, किंवा ८१ अधिक ३५. ११८ म्हणजे ८१ अधिक ३७. उंची ३:४:१.

पिपेट
बरोबर. तिला सांगा, पुढचं कोडं दोन ब्रोमीन आणि एक क्लोरीनचं.

हिशेबनीस
आता तरी बोलू का?